इटालियन भाषेतील स्थलनिर्देश : ‘अमुक कोठे आहे’ हे सांगण्याची रीत

परभाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्यास पहिल्याच आठवड्यात ज्या वाक्यांवाचून चालत नाही, त्यांत ‘अमुक मनुष्य कोठे आहे’ या वाक्याची गणना करावी लागेल. वाक्य लहान, त्यातील क्रियापद सर्वांत साधे आणि उत्तरही बहुधा दोन-तीन शब्दांत संपणारे. तरीही इटालियन शिकणाऱ्याची पहिली ठेच याच वाक्यात लागते. याचे कारण विषयाच्या काठिण्यात जितके आहे, त्याहून अधिक तो शिकविण्याच्या वाटेत आहे. आपल्याकडील विद्यार्थ्याच्या हाती इटालियनचे पाठ्यपुस्तक येते ते बहुशः इंग्रजीतून लिहिलेले. इंग्रजीत स्थिती दाखविणारी अव्यये निराळी आणि गती दाखविणारी निराळी. त्या भेदाच्या चौकटीत इटालियन अव्यये बसविण्याचा खटाटोप पुस्तक करते, आणि ती बसत नाहीत म्हणून अपवादांची यादी देते. मराठी विद्यार्थी ती यादी पाठ करतो. वस्तुतः त्या यादीतील निम्म्याहून अधिक ‘अपवाद’ मराठीच्या दृष्टीने अपवादच नव्हेत. ते कसे, हे दाखविणे आणि जेथे मराठी खरोखरच वाट चुकविते ती स्थळे वेगळी काढणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम लेखनाविषयी दोन शब्द. इटालियन शब्द येथे देवनागरीत दिले आहेत. त्यांतील ‘च’ आणि ‘ज’ नेहमी तालव्य वाचावेत. ‘चहा’ या शब्दातील च तो घ्यावयाचा, ‘त्याचे’ यातील नव्हे. जोडाक्षरातील द्वित्व पुरतेपणी उच्चारले पाहिजे, कारण त्यावर अर्थ अवलंबून असतो. ‘सोनो’ म्हणजे ‘मी आहे’ आणि ‘सोन्नो’ म्हणजे झोप. ‘कासा’ म्हणजे घर आणि ‘कास्सा’ म्हणजे पेटी किंवा दुकानातील पैसे भरण्याची जागा. उत्तर इटलीत घरवाचक शब्दातील स घोष होऊन ‘काझा’ असा ऐकू येतो, हेही ध्यानात असावे. ‘आहे’ या अर्थाचा ‘ए’ विवृत आहे आणि लिहिताना त्यावर आघातचिन्ह देतात. ‘आणि’ या अर्थाचा ‘ए’ संवृत असून त्यावर चिन्ह नसते. देवनागरीत हा भेद दाखविण्याची सोय नाही.

प्रश्नार्थक शब्द एकच : ‘दोवे’. ‘दोवे सेइ?’ म्हणजे ‘तू कोठे आहेस?’ तृतीयपुरुषी ‘ए’ पुढे आला की दोवेचा अंत्य स्वर लोपतो आणि संधी होऊन ‘दोवे’ असेच रूप राहते; मात्र आता स्वराघात पहिल्या अक्षरावरून उतरून शेवटच्या अक्षरावर गेलेला असतो. ‘दोवे मारिओ?’ म्हणजे ‘मारिओ कोठे आहे?’ हे वाक्य आघात चुकवून म्हटले तर त्यातील क्रियापदच नाहीसे होते. अनेकवचनी ‘दोवे सोनो?’ हे द्व्यर्थी आहे, कारण ‘सोनो’ हे रूप प्रथमपुरुषी एकवचनाचेही आहे आणि तृतीयपुरुषी अनेकवचनाचेही. ‘ते कोठे आहेत?’ आणि ‘मी कोठे आहे?’ हे दोन्ही प्रश्न त्यात सामावतात. संदर्भाने निवाडा होतो.

मराठी विद्यार्थ्याची एक हमखास चूक येथेच सांगून टाकावी. आदरार्थी बहुवचन मराठीच्या हाडीमासी भिनलेले असल्यामुळे ‘प्राध्यापक कोठे आहेत?’ याचे भाषांतर तो ‘दोवे सोनो इल प्रोफेस्सोरे?’ असे करतो. इटालियनमध्ये आदरास्तव क्रियापद अनेकवचनी होत नाही. एक प्राध्यापक असेल तर क्रियापदही एकवचनीच : ‘दोवे इल प्रोफेस्सोरे?’ समोरच्या व्यक्तीशी आदराने बोलतानाही ‘लेइ’ हे मुळात ‘ती’ या अर्थाचे सर्वनाम घेऊन तृतीयपुरुषी एकवचनाचाच प्रयोग करतात. आदर तेथे पुरुष बदलून दाखविला जातो, वचन बदलून नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘दोवे सेइ?’ म्हणजे ‘कोठे आहेस?’ आणि ‘दोवे वाइ?’ म्हणजे ‘कोठे जातोस?’ दोहोंत एकच ‘दोवे’. उत्तरातही तसेच : ‘सोनो आ रोमा’ म्हणजे ‘मी रोमला आहे’, ‘वादो आ रोमा’ म्हणजे ‘मी रोमला जातो’, ‘सोनो इन इतालिआ’, ‘वादो इन इतालिआ’. स्थिती आणि गती यांना वेगळी अव्यये नाहीत. इंग्रजीच्या वाटेने आलेल्याला हे चमत्कारिक वाटते. परंतु मराठीत तरी दुसरे काय आहे? ‘तो सध्या पुण्याला असतो’ आणि ‘तो काल पुण्याला गेला’. ‘घरी आहे’ आणि ‘घरी गेला’. ‘डॉक्टरांकडे आहे’ आणि ‘डॉक्टरांकडे गेला’. स्थान आणि गंतव्य यांतील भेद प्रत्ययावर न सोपविता क्रियापदावर सोपविण्याची ही पद्धत दोन्ही भाषांत समान आहे. मराठी विद्यार्थ्याला ती शिकवावयाची नसून केवळ निदर्शनास आणून द्यावयाची आहे.

या साम्यामागे दोन स्वतंत्र पण समांतर इतिहास आहेत. लॅटिनमध्ये भेद होता आणि तो विभक्तीने दाखविला जाई. ‘इन’ या अव्ययापुढे पंचमीसदृश विभक्ती आली तर ‘इटलीत’, द्वितीया आली तर ‘इटलीकडे, इटलीच्या आत’ असा अर्थ होई. द्वितीयेचे चिन्ह म्हणजे अंत्य ‘म्’. तो लोकभाषेत फार लवकर क्षीण झाला, पुढे विभक्तिव्यवस्थाच ढासळली, आणि ‘इन इतालिआ’ या एकाच रूपात दोन्ही अर्थ येऊन बसले. प्रश्नार्थक शब्दाचीही तीच गत झाली. ‘कोणत्या स्थळी’ याला लॅटिनमध्ये ‘उबी’ आणि ‘कोणत्या स्थळाकडे’ याला ‘क्वो’ होते. ‘क्वो’ मागे पडला आणि ‘दे उबी’ यापासून झालेला ‘दोवे’ दोन्ही कामे करू लागला. संस्कृतातही ‘ग्रामे वसति’ आणि ‘ग्रामं गच्छति’ हा भेद आहे. मराठीत येईपर्यंत तो ‘गावी राहतो’ आणि ‘गावी जातो’ असा मिटून गेला.

येथवर मराठी सोबत करते. पुढचा प्रश्न ‘आ’ केव्हा आणि ‘इन’ केव्हा हा. नियम सांगावयास सोपा आहे : नगरनामापूर्वी ‘आ’, देश, प्रांत व खंड यांच्या नावांपूर्वी ‘इन’. ‘आ रोमा’, ‘आ मिलानो’, ‘आ पुणे’, ‘आ मुंबई’; परंतु ‘इन इतालिआ’, ‘इन तोस्काना’, ‘इन इंदिआ’, ‘इन आझिआ’. यात शहराच्या लोकसंख्येचा किंवा आकाराचा संबंध नाही. मुंबई कितीही पसरली तरी ती ‘आ’चीच धनी. प्रश्न येतो तो बेटांचा. ‘इन सिचिलिआ’, ‘इन सार्देन्या’, ‘इन कोर्सिका’ असे म्हणतात. परंतु ‘आ काप्री’, ‘आ लांपेदूझा’, ‘आ मालता’, ‘आ चिप्रो’, ‘आ कूबा’. पाठ्यपुस्तके येथे ‘मोठे बेट’ आणि ‘लहान बेट’ असा भेद करतात, पण क्यूबा हे सिसिलीहून कितीतरी मोठे असल्याने तो लटका पडतो. खरा भेद असा दिसतो की, जे बेट प्रांतासारखे, म्हणजे आत शिरून वावरण्याचे क्षेत्र म्हणून बोलणाऱ्याच्या मनात आहे त्याला ‘इन’ लागतो. जे नकाशावरील एका बिंदूसारखे, प्रवासातील मुक्कामासारखे आहे त्याला ‘आ’ लागतो. गोवा हे आज भारताचे राज्य असले तरी इटालियनांच्या तोंडी सामान्यतः ‘आ गोआ’ असेच येते. नावाची ओळख राज्य म्हणून होण्याच्या कितीतरी आधी ती बंदर आणि नगर म्हणून झाली होती, हे येथे आठवावे.

लॅटिनचे व्याकरण शिकलेल्याला या विभागणीत एक जुना ओळखीचा चेहरा दिसेल. अभिजात लॅटिनमध्ये नगरांची नावे, लहान बेटांची नावे आणि ‘घर’ व ‘खेडे’ या अर्थांचे शब्द यांपूर्वी स्थलवाचक अव्यय लावीत नसत. त्यांना जुन्या सप्तमीचे अवशिष्ट रूप असे : ‘रोमाए’ म्हणजे रोममध्ये, ‘दोमी’ म्हणजे घरी, ‘रूरी’ म्हणजे खेड्यात. देशनामांना मात्र ‘इन’ लागे. सप्तमी लोपली, तिच्या जागी ‘आद’ या अव्ययापासून आलेला ‘आ’ बसला. परंतु कोणत्या शब्दांचा वर्ग वेगळा मानावयाचा ही जाण टिकली. नगर, लहान बेट आणि घर हे तिन्ही आजही ‘आ’ घेतात. फक्त खेडे या वर्गातून फुटले : ‘इन कांपान्या’ असेच म्हणतात. प्रत्यय गेला पण त्याची रेघ राहिली, असा हा प्रकार भाषेतिहासात विरळा नाही. मराठीतील ‘घरी’, ‘दारी’, ‘गावी’, ‘माहेरी’ ही ई-प्रत्ययान्त रूपे अशाच एका आक्रसलेल्या सप्तमीची आहेत. नव्या शब्दाला हा ‘ई’ कोणी सहसा लावीत नाही. ‘हॉटेली’, ‘बँकी’ असे कोणी म्हणत नाही.

‘आद’चा दकारही पुरता मेलेला नाही. पुढचा शब्द अ-स्वराने सुरू होत असेल तर तो प्रकट होतो, जसे ‘आद आंकोना’. व्यंजनापूर्वी तो लिहिण्यात नाही, पण मध्य इटलीच्या उच्चारात त्याचे पडसाद आहेत. टस्कनीचा किंवा रोमचा मनुष्य ‘आ रोमा’ लिहितो आणि ‘आर्रोमा’ उच्चारतो. ‘आ कासा’ लिहितो आणि ‘आक्कासा’ उच्चारतो. दकाराचे पुढील व्यंजनाशी सावर्ण्य होऊन द्वित्व झाले, ही संस्कृत व्यंजनसंधीच्या अभ्यासकाला सहज पटणारी प्रक्रिया आहे. उत्तरेकडे हे द्वित्व करीत नाहीत. नवख्याने ते बोलावे असा आग्रह नाही, परंतु ऐकताना ओळखता आले पाहिजे. एरवी ‘आक्कासा’ हा कोणता नवा शब्द म्हणून तो कोश उलटीत बसेल.

घराविषयी थोडे थांबणे अवश्य आहे. ‘सोनो आ कासा’ आणि ‘सोनो इन कासा’ अशी दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत आणि त्यांतील अंतर इंग्रजीतून समजाविताना शिक्षकाची दमछाक होते. मराठीत ते अंतर दोन शब्दांत सांगता येते : पहिले ‘मी घरी आहे’, दुसरे ‘मी घरात आहे’. घरी असलेला मनुष्य अंगणात झाडाला पाणी घालीत असेल. घरात असलेला भिंतींच्या आत असला पाहिजे. दाराशी येऊन ‘चे क्वाल्कूनो इन कासा?’ असे विचारतात. आपल्याकडेही ‘घरात कोणी आहे का?’ असेच विचारतात, ‘घरी कोणी आहे का?’ हा जरा निराळा प्रश्न होतो. मराठीतील ‘त’ या प्रत्ययाचा संबंध संस्कृत ‘अंतर्’शी जोडला जातो. १९६२च्या शुद्धलेखननियमांपूर्वी एकवचनातही ‘घरांत’ असा अनुस्वार देत असत, त्यात ही व्युत्पत्ती डोळ्यांना दिसे. तेव्हा ‘त’ आणि ‘इन’ या दोहोंचा मूळ अर्थ ‘आत’ हाच, आणि ‘ई’ व ‘आ’ या दोहोंचा अर्थ ‘त्या ठिकाणी’ एवढाच. एवढी एक जोडी नीट समजली की ‘आ लेत्तो’ म्हणजे अंथरुणाला खिळलेला किंवा झोपलेला आणि ‘नेल लेत्तो’ म्हणजे प्रत्यक्ष पलंगावर, गादीत, हा भेदही उलगडतो.

इतर स्थळांच्या बाबतीत मात्र सरळ कबूल करावे की नियम पुरा पडत नाही. ‘आ स्क्वोला’ (शाळेत), ‘आ तेआत्रो’ (नाट्यगृहात), ‘आ तावोला’ (जेवणाच्या टेबलाशी) ही रूपे उपपदावाचून आहेत; ‘आल बार’, ‘आल चीनेमा’, ‘आल मेर्कातो’, ‘आल मारे’ (समुद्रकाठी) यांत उपपद आहे; ‘इन उफ्फीचो’ (कचेरीत), ‘इन बांका’, ‘इन क्येझा’ (चर्चमध्ये), ‘इन मोन्तान्या’ (डोंगरात) यांत ‘इन’ आहे. शब्दान्तावरून थोडीफार सोय होते : ‘-तेका’ आणि ‘-रीआ’ असा अंत असलेले ‘बिब्लिओतेका’, ‘लिब्रेरीआ’, ‘पित्सेरीआ’ असे शब्द ‘इन’ घेतात. बाकीचे वापराने अंगवळणी पडतात. परंतु एक गोष्ट मात्र निश्चित आहे व ती यादीपेक्षा मोलाची आहे. ‘इन’नंतर उपपद नसणे ही खूण त्या स्थळाच्या सर्वसाधारण कार्याची आहे, स्थळ विशिष्ट झाले की उपपद परत येते आणि अव्ययाशी जोडले जाते. ‘इन बिब्लिओतेका’ म्हणजे ग्रंथालयात. ‘नेल्ला बिब्लिओतेका देल्लुनिवेर्सिता’ म्हणजे विद्यापीठाच्या त्या ग्रंथालयात. ‘इन इतालिआ’, परंतु ‘नेल्लितालिआ मेरिदिओनाले’ (दक्षिण इटलीत). देशाचे नावच अनेकवचनी असेल तर उपपद सुटत नाही : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत म्हणजे ‘नेल्यी स्ताती उनीती’.

अव्यय व उपपद यांचा हा जोड पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही, पण तो वाटतो तितका मोठा नाही. ‘इन’ अधिक ‘इल’ मिळून ‘नेल’, ‘इन’ अधिक ‘ला’ मिळून ‘नेल्ला’. तसेच ‘आल, आल्ला’, ‘सुल, सुल्ला’, ‘दाल, दाल्ला’. अनेकवचनात ‘नेइ, नेल्यी, नेल्ले’ आणि त्याच धर्तीवर इतर.

आता ‘दा’. या अव्ययाचा रूढ अर्थ ‘पासून, हून’ : ‘दा रोमा’ म्हणजे रोमहून. परंतु व्यक्तिवाचक शब्दापूर्वी तोच ‘दा’ त्या व्यक्तीचे घर, दुकान किंवा कामाची जागा दाखवितो. ‘सोनो दाल मेदिको’ म्हणजे ‘मी डॉक्टरांकडे आहे’. ‘ए दा मारीआ’ म्हणजे ‘तो मारियाकडे आहे’. मराठीतील ‘कडे’ या शब्दयोगी अव्ययाशी याचा इतका मेळ बसतो की स्वतंत्र विवेचनाची गरज नाही. मराठीला अंमळ अधिक श्रीमंती आहे ती नातेवाचक स्थळांची. ‘आजोळी’ म्हणावयाचे तर इटालियनमध्ये ‘दाइ नोन्नी’, म्हणजे आजी-आजोबांकडे; ‘सासरी’ म्हणावयाचे तर ‘दाइ स्वोचेरी’; ‘माहेरी’ हा शब्द तर ‘दाइ म्येइ’, म्हणजे ‘माझ्या माणसांकडे’, असा काहीसा सांगता येईल. त्यात घर सोडून गेलेला मुलगाही येतो. माहेर या शब्दातील ओढ त्यात उतरत नाही. एका ठिकाणी मात्र मराठी स्पष्ट आणि इटालियन संदिग्ध आहे. ‘कडे’ आणि ‘कडून’ आपण वेगळे ठेवले आहेत. ‘वेंगो दा मारीआ’ या वाक्याचा अर्थ ‘मी मारियाकडून येतो आहे’ असाही होतो आणि ‘मी मारियाकडे येतो’ असाही. बोलणारा कोठे उभा आहे हे माहीत असल्याखेरीज निर्णय होत नाही.

‘वर’ या अर्थी ‘सू’ येतो, आणि नदीकाठच्या गावासाठीही तोच : फ्लॉरेन्स ‘सुल्लार्नो’, रोम ‘सुल तेवेरे’. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणींनी ज्या नद्यांवर पराक्रम केला त्यांची नावे याच रूपात इटालियन लेखनात येतात : यशवंत घाडगे यांनी १९४४ साली वरच्या तेवेरेच्या खोऱ्यात, तर नामदेव जाधव यांनी १९४५ साली ‘सुल सेनिओ’ व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. ‘सोत्तो’ (खाली), ‘दावान्ती आ’ (समोर), ‘विचीनो आ’ (जवळ), ‘लोन्तानो दा’ (पासून लांब) यांविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. ‘द्येत्रो’ (मागे) नामापूर्वी एकटा येतो, पण सर्वनामापूर्वी ‘दी’ मागतो : ‘द्येत्रो ला कासा’, परंतु ‘द्येत्रो दी मे’. मराठीत ‘घरामागे’ चालते, पण ‘मामागे’ चालत नाही, ‘माझ्यामागे’ असा षष्ठीचा आधार घ्यावा लागतो, हे साम्य मौजेचे आहे. ‘येथे’ म्हणजे ‘क्वी’ किंवा ‘क्वा’; ‘तेथे’ म्हणजे ‘ली’ किंवा ‘ला’. टस्कनीत ‘कोस्ती’ असा तिसरा शब्द होता, ‘तू आहेस त्या ठिकाणी’ या अर्थाचा. जुन्या पत्रव्यवहारात तो आढळतो. ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे’ यातील ‘तिकडील’ हा नेमका ‘कोस्ती’चा आहे.

क्रियापदाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. स्थितिदर्शक क्रियापदे दोन : ‘एस्सेरे’ आणि ‘स्तारे’. दुसऱ्याचे मूळ लॅटिनमधील ‘उभे राहणे’ या अर्थाच्या धातूत आहे आणि तो आपल्या ‘स्था’चा सगोत्र. प्रमाण इटालियनमध्ये कोणी कोठे आहे हे सांगण्यास ‘एस्सेरे’च वापरावयाचा. ‘स्तारे’ लावला की त्यात राहण्याचा, मुक्काम करण्याचा, न हलण्याचा अर्थ शिरतो. ‘ओज्जी सोनो आ कासा’ म्हणजे ‘आज मी घरी आहे’. ‘ओज्जी स्तो आ कासा’ म्हणजे ‘आज मी घरीच राहणार आहे’. पत्ता विचारताना ‘दोवे स्ता दी कासा?’ म्हणजे ‘कोठे राहता?’ प्रकृती विचारताना मात्र ‘कोमे स्ताइ?’ हाच प्रयोग. मराठीत ‘कसा आहेस?’ आणि ‘कोठे आहेस?’ या दोहोंत एकच क्रियापद असल्यामुळे पहिला प्रश्न शिकलेला विद्यार्थी दुसराही ‘दोवे स्ताइ?’ असा करतो. गोव्यात जुन्या पिढीकडून पोर्तुगीज शिकलेल्याचा पाय तर हटकून येथे घसरतो, कारण त्या भाषेत दोन्ही प्रश्नांना ‘इश्तार’ हेच क्रियापद लागते. तरी या चुकीला फार हसू नये. रोमपासून दक्षिणेकडे, विशेषतः नेपल्समध्ये, लोक नित्याच्या बोलण्यात ‘दोवे स्ता मारिओ?’ असेच विचारतात. इटली एकराष्ट्र झाले १८६१ साली. त्या वेळी प्रमाण भाषा बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण अवघे अडीच टक्क्यांच्या आसपास असावे, असा अंदाज तुल्लिओ दे माउरो यांनी आपल्या १९६३च्या ग्रंथात केला आहे. बोलींची मुळे अशी खोल असल्यावर एका क्रियापदाचा प्रांतभेद टिकून राहिला, यात नवल नाही.

या दोन क्रियापदांचे भूतकालवाचक धातुसाधित एकच आहे : ‘स्तातो’, स्त्रीलिंगी ‘स्ताता’. त्यामुळे भूतकाळात एक सुंदर भेद निर्माण होतो. ‘एरो आ रोमा’ म्हणजे ‘मी रोममध्ये होतो’, त्या वेळची स्थिती. ‘सोनो स्तातो आ रोमा’ म्हणजे ‘मी रोमला जाऊन आलो आहे’. गेलो, राहिलो, परतलो हे तिन्ही त्यात आले. लूव्ह्र संग्रहालयातून १९११ साली चोरीस गेलेले लिओनार्दोचे ‘जोकोंदा’ हे चित्र १९१३च्या डिसेंबरात फ्लॉरेन्समध्ये सापडले, तेथे काही दिवस प्रदर्शित झाले आणि मग पॅरिसला परत गेले. आज त्या चित्राविषयी ‘ए स्ताता आ फिरेंत्से’ असे म्हणावयाचे. परंतु पोलीस शोध घेत होते तेव्हा ते खरोखर कोठे होते हे सांगताना ‘एरा’ लागेल.

भविष्यकाळाविषयी एवढेच, की ‘दोवे सारा मारिओ?’ ‘सारा आ कासा’ या संवादातील भविष्यकाळ पुढचे सांगत नाही, आताचा तर्क सांगतो : ‘मारिओ कोठे असेल?’ ‘घरी असेल.’ मराठीत हे जसेच्या तसे आहे.

मराठी विद्यार्थ्याची खरी कसोटी ‘ची’ या लहानशा शब्दावर लागते. ‘तेथे, त्या ठिकाणी’ असा त्याचा मूळ अर्थ. क्रियापदाशी मिळून ‘चे’ (आहे) आणि ‘ची सोनो’ (आहेत) अशी रूपे होतात. ‘मारिओ ए इन जार्दीनो’ म्हणजे ‘मारिओ बागेत आहे’. ‘इन जार्दीनो चे मारिओ’ म्हणजे ‘बागेत मारिओ आहे’. पहिले वाक्य ‘मारिओ कोठे आहे?’ याचे उत्तर, दुसरे ‘बागेत कोण आहे?’ याचे. मराठीत हे काम केवळ शब्दक्रम करतो, म्हणून विद्यार्थी क्रम बदलतो आणि ‘ची’ घालण्यास विसरतो. नवी, अज्ञात व्यक्ती किंवा वस्तू प्रथम दाखवावयाची असेल तेव्हाही ‘ची’ हवाच : ‘चे उन वोमो इन जार्दीनो’, म्हणजे ‘बागेत एक माणूस आहे’. ‘माणूस बागेत आहे’ असे म्हटले की माणूस आधीचा ओळखीचा ठरतो आणि ‘ची’ गळतो. मराठीला निश्चित उपपद नाही. त्याची उणीव ती क्रमाने भरून काढते. इटालियनला उपपदही आहे आणि ‘ची’ही आहे. म्हणून मराठीत क्रम बदलला की इटालियनमध्ये ‘ची’चा विचार करावयाचा, ही सवय लावून घेतल्यास निम्म्या चुका टळतात. व्यक्ती प्रत्यक्ष दृष्टीस पडताच मात्र ना ‘ए’ ना ‘चे’; ‘एक्को मारिओ’, म्हणजे ‘हा पाहा मारिओ’, आणि सर्वनाम असेल तर ‘एक्कोलो’.

स्थळ न सांगता नुसते ‘चे मारिओ?’ असे दाराशी किंवा दूरध्वनीवर विचारतात, तेव्हा त्याचा अर्थ ‘मारिओ आहे का?’ असाच होतो. येथे आहे का, भेटेल का, हे अध्याहृत. मराठीतही ‘अण्णा आहेत का?’ या प्रश्नात स्थळ सांगावे लागत नाही. नकारार्थी उत्तर ‘नोन चे’, म्हणजे ‘नाहीत’, बाहेर गेले आहेत. त्याच उत्तराला ‘प्यू’ (आता, यापुढे) हा एक शब्द जोडला, ‘नोन चे प्यू’ म्हटले, आणि ते मनुष्याविषयी असले, की बहुधा अर्थ होतो : तो या जगात नाही. मराठीत ‘अण्णा आता नाहीत’ यात ‘आता’ हा शब्द जे करतो, तेच तेथे ‘प्यू’ करतो. वस्तूविषयी हेच वाक्य निरुपद्रवी आहे. ‘पाने नोन चे प्यू’ म्हणजे पाव संपला. घरातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाविषयी ते वापरू नये. तेथे ‘ए उश्शीतो’ (बाहेर गेला) किंवा नुसते ‘नोन चे’ म्हणावे.